सहा पाकळ्यांचं विष

महाड तालुक्यातलं बिरवाडी हे गाव. १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकण त्यांना नवं होतं आणि कोकणातल्या लाल विंचवाचा हा अवतारही नवा होता. पेंढा उचलताना, चुलीसाठी लाकूडफाटा ओढताना, दगडी गडग्यात हात घालताना विंचू डसायचा. घरची माणसं आधी विंचू उतरवणाऱ्याकडे धावायची आणि मग रात्री उशिरा पेशंटला दवाखान्यात आणायची. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस, कधी शाळेत जाणारं पोर, दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरून जायचं.

बावस्कर पेशंटजवळ बसून राहिले. रात्र-रात्र बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारठा, दिसेल ते लिहीत गेले. त्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट वर आली. डंखाच्या जागी आग होते म्हणून जो जिवाच्या आकांतानं ओरडतो, तो बहुतेक वेळा वाचतो. ज्याला आग फारशी नाही, पण उलट्या होतात, घामानं अंग निथळतं, हातपाय बर्फासारखे पडतात, त्याच्या हृदयावर विष चढत असतं. ही लक्षणं त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे पोलादपूर आणि महाडमध्ये काम करताना त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून पाहिलं. त्याचे निष्कर्ष १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. पूर्वी गंभीर विंचूदंश झालेल्या शंभरातले तीसेक पेशंट दगावत. प्राझोसिननंतर हा आकडा दोन-तीनपर्यंत उतरला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. महाड-पोलादपुरातल्या अनेक घरांनी त्यांना त्याच्या कितीतरी आधी देवमाणूस ठरवलं होतं.

पोटाच्या विषावरचं प्रकरण मी विंचवापासून का सुरू केलं, हे सांगायला हवं. प्राझोसिन काही विंचवाच्या विषावरचा उतारा नाही. ते विष नष्ट करत नाही. विष मज्जातंतूंवरची दारं उघडी ठेवतं, त्यामुळे शरीरातच तयार होणाऱ्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, आणि तो लोंढा रक्तवाहिन्या आवळून हृदयाचा दम काढतो. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरची ती कुलपं आधीच अडवून धरतं, ज्यांत या लोंढ्याची किल्ली फिरते. विष नेमकं कुठल्या कुलपातून काम करतं हे कळलं, आणि इलाज गवसला. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच, फक्त विंचवाच्या जागी एक जीवाणू आहे आणि डंखाच्या जागी आपलं जठर.

जाता जाता लाल विंचवाबद्दल आणखी एक. याच विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचं एक चिमुकलं प्रथिन वेगळं काढण्यात आलं. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची माळ. पेशींच्या भिंतीत पोटॅशियमची ये-जा होऊ देणारे काही बोगदे असतात, त्यांतला एक विशिष्ट प्रकारच ते बंद करतं, इतकं नेमकं की जगभरच्या प्रयोगशाळांना ते अवजार म्हणून हवं असतं. आता त्यासाठी विंचू पकडावे लागत नाहीत. त्या प्रथिनाचा जनुक ई-कोलाय या जीवाणूत घालतात, जीवाणू वाढवतात, आणि जीवाणूच ते प्रथिन बनवून देतो. अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. एका जिवाची कृती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिजवून घ्यायची, असं समजा. मधुमेहाच्या पेशंटला आज मिळणारं इन्सुलिन असंच येतं.

आता पोटाकडे वळू.

छातीखाली जळजळतं, पोट डब्ब होतं, पहाटे रिकाम्या पोटी कळ येते, आंबट पाणी घशाशी येतं. आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे: पित्त. पित्त झालं, पित्त उसळलं, पित्त खवळलं. त्यावर कोकमाचं सरबत, थंड दूध, सोडा, मेडिकलमधून आणलेली कॅप्सूल. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून मुंबईला चाकरीसाठी गेलेल्या पिढ्यांनी या दुखण्याला खाणावळीचं जेवण, रात्रपाळी आणि चहा ही कारणं जोडली. ती सगळीच खोटी नव्हती. पण ‘पित्त’ हे फार मोठं पांघरूण आहे. त्याखाली साधं अपचन झोपलेलं असतं, आणि त्याच पांघरुणाखाली आतड्याच्या तोंडाशी पडलेली जखमही, म्हणजे अल्सर.

फ्रँक टोव्ही नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकानं म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात अनेक वर्षं काढली. भारतात अल्सर सगळीकडे सारखा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. भात खाणाऱ्या दक्षिणेत आणि किनारपट्टीवर तो जास्त, गहू आणि भरड धान्य खाणाऱ्या उत्तरेत कमी. पॉलिश केलेल्या तांदळातून कोंड्यासोबत संरक्षण देणारी काही द्रव्यं निघून जात असावीत, असा त्याचा कयास होता. हा कयास सगळ्यांनी मान्य केलेला नाही. मात्र तीन वेळा भात खाणाऱ्या माणसांच्या मुलखाला तो विचार करायला लावतो, म्हणून इथे नोंदवला.

अल्सरचं खरं मूळ ऑस्ट्रेलियात सापडलं. पर्थच्या रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९पासून जठराच्या तुकड्यांवर वळणदार जीवाणू दिसत होते. जठरात एवढं आम्ल, तिथे जीवाणू जगणार कसा, म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीच्या पेटीत राहिल्या, आणि सुट्टीनंतर त्यांवर हा सावकाश वाढणारा जीवाणू उगवलेला दिसला. दोन वर्षांनी मार्शलनं जीवाणूंचा रस्सा स्वतः पिऊन दाखवला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, आणि तपासणीत जठराला सूज आलेली दिसली. २००५चं नोबेल या दोघांना मिळालं. जीवाणूचं आजचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर नुसतं ‘एच. पायलोरी’ म्हणतात.

जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात हा जीवाणू असतो, भारतात त्याहून जास्त. तो बहुधा लहानपणीच येतो, घरातल्या घरात, एकाच्या तोंडातून किंवा हातातून दुसऱ्याकडे. आम्लात तग धरण्यासाठी तो युरियेझ हे विकर वापरतो. युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. एंडोस्कोपीच्या खोलीत याच गोष्टीचा उपयोग करतात. दुर्बिणीतून काढलेला जठराचा तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा मोठा नसतो. तो पिवळ्या जेलमध्ये टोचून ठेवायचा. जीवाणू असेल तर अमोनिया सुटतो आणि पिवळं जेल हळूहळू गडद गुलाबी होतं. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. एका अदृश्य पाहुण्याची इतकी सोपी ओळखपरेड वैद्यकशास्त्रात क्वचितच असेल.

पण जीवाणू पोटात असणं आणि पोट दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. मग काहींच्याच पोटात जखम का पडते? उत्तराचा एक मोठा धागा या जीवाणूच्या विषात आहे.

१९८८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा जीवाणू ज्या रश्शात वाढवला होता तो गाळला. त्यात एकही जीवाणू उरला नव्हता. तो नितळ रस्सा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घातला, तर पेशींच्या आत फुगे दिसू लागले. तपासलेल्या जीवाणूंपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांच्या रश्शात ही करामत होती. हे फुगे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे असतात. न्यूट्रल रेड नावाचा लाल रंग घातला की तो फुग्यांत जाऊन साचतो. निरोगी पेशी फिकट दिसते आणि विष लागलेली पेशी डाळिंबाच्या फोडीसारखी, लाल दाण्यांनी खच्चून भरलेली. रंग किती शोषला गेला हे मोजलं की विष किती जोरकस ते कळतं. १९९२ साली टिमोथी कव्हर आणि मार्टिन ब्लेझर यांनी हे विष शुद्ध रूपात वेगळं केलं. पेशीत पोकळ्या करणारं म्हणून त्याचं नाव पडलं व्हॅक-ए.

विंचवाच्या आयबेरिओटॉक्सिनमध्ये ३७ अमिनो आम्लं, तर व्हॅक-एमध्ये आठशेहून अधिक. एक नाकातली चमकी, तर दुसरा पैठणीचा अख्खा पदर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात व्हॅक-ए पाहिलं तेव्हा संशोधकही थबकले असतील, कारण ते फुलासारखं दिसतं. मध्ये गोल आणि भोवती सहा पाकळ्या, कधी सात. अशी दोन फुलं कधी एकमेकांवर बसलेली असतात. आम्लात गेलं की फूल सुटतं, पाकळ्या वेगळ्या होतात आणि पेशीच्या भिंतीत शिरून पुन्हा जुळतात. मग तिथे एक बोगदा तयार होतो, त्यातून क्लोराइडसारखे ऋणभारित कण जाऊ लागतात. पुष्कळशी प्रथिनं आम्लात बिघडतात. हे मात्र आम्ल लागल्यावर अधिक जहाल होतं. ज्याच्या मुक्कामालाच आम्लाचा डोह आहे, त्याचं हत्यार असंच असणार.

एवढं मोठं विष अभ्यासायचं तर ते भरपूर हवं, आणि एच. पायलोरी मोठा हट्टी. सावकाश वाढतो, त्याला हवेतला ऑक्सिजनही बेतानंच लागतो, आणि विष देतो थोडंथोडकं. म्हणून ई-कोलायची मदत घेणं भाग पडतं. प्रयोगशाळेत हे कसं चालतं ते जरा जवळून पाहू.

विषाचा जनुक डीएनएच्या एका छोट्या कड्यात बसवतात आणि ते कडं ई-कोलायमध्ये सोडतात. जनुकाच्या एका टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते, ती पुढे कामाला येते. पिवळसर रस्सा चंबूत भरून हलणाऱ्या पेटीत ३७ अंशांना ठेवला की काही तासांत गढूळ होतो. मग त्यात आयपीटीजी नावाचं रसायन चिमूटभर घालतात. हा जीवाणूंना दिलेला इशारा असतो: आता आमचं प्रथिन बनवायला घ्या. नंतर जीवाणू गरगर फिरवून तळाशी बसवतात, बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडतात, आणि तो काढा निकेल असलेल्या नळीतून हळूहळू जाऊ देतात. बाकी सगळं वाहून जातं. शेपटीवालं प्रथिन तेवढं निकेलला चिकटून राहतं. ते सोडवून घेतलं की नळीतून पडणारे थेंब म्हणजे रिकॉम्बिनंट विष. जेलवर चालवून निळा रंग दिला की ठरावीक उंचीवर एक ठळक पट्टा उमटतो. दिवसभराची मेहनत त्या एका निळ्या रेघेत दिसते.

पण व्हॅक-एनं इथेच गाठ मारून ठेवली होती. १९९५ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की ई-कोलायमध्ये बनवलेल्या व्हॅक-एला विषारीपणाच नाही. अमिनो आम्लांचा क्रम अगदी बरोबर, पण घडी चुकलेली. फूल उमललंच नव्हतं. असं प्रथिन प्राण्यांना टोचलं तर प्रतिपिंडं तयार झाली, पण ती खऱ्या विषाला अडवू शकली नाहीत. चोराचा फोटोच चुकीचा दिला तर पहारेकरी कुणाला पकडणार? हा धडा मोलाचा होता. विष म्हणजे केवळ अक्षरांची माळ नाही, तिची घडीही विषाचाच भाग आहे. पुढे या विषाचे दोन तुकडे, एक ३३ किलोडाल्टनचा आणि दुसरा ५५चा, वेगवेगळे बनवून एकत्र केले, तेव्हा पेशींत फुगे उठले. कुठल्या तुकड्याचं काय काम हे त्यामुळे समजू लागलं. नुसता ५५चा तुकडा पेशीला धरतो, पण जोडीदाराशिवाय त्याच्या हातून घात होत नाही.

आणि आता बिरवाडीची आठवण करून देणारा प्रयोग. २००३ साली जपानी संशोधकांनी उंदरांना शुद्ध व्हॅक-ए पाजलं. उंदरांच्या जठराला जखमा झाल्या, रक्तस्राव झाला. मग असे उंदीर घेतले ज्यांच्या पेशींवर आरपीटीपी-बीटा नावाचं कुलूप जन्मापासूनच नव्हतं. त्यांना तेच विष पाजलं, आणि अल्सर झाला नाही. गंमत पुढे आहे. कुलूप नसलेल्या उंदरांच्या पेशींतही विष शिरलंच होतं, फुगेसुद्धा पहिल्यासारखेच झाले होते. म्हणजे ज्या पोकळ्यांवरून विषाचं नाव पडलं, त्या पोकळ्यांनी जखम होत नव्हती. कुलूप असलेल्या पेशींची मात्र आपल्या बैठकीवरची पकडच सुटत होती. पेशी सुटल्या की खालचं मांस उघडं पडतं आणि आम्ल त्यावर बसतं. डोळ्यांत भरणारं लक्षण एक आणि जीव घेणारं दुसरंच, हे बावस्करांना बिरवाडीत विंचूदंशाच्या पेशंटकडे बघून कळलं होतं. जठराच्या बाबतीत ते कळायला शुद्ध केलेलं विष आणि जनुक काढलेले उंदीर लागले.

व्हॅक-ए आणखी एक काम करतं. अंगातल्या टी-पेशींना, म्हणजे आपल्या पहारेकऱ्यांना, संख्येनं वाढू देत नाही. काही अंशी त्यामुळेच हा जीवाणू चाळीस-पन्नास वर्षं पोटात ठाण मांडून बसू शकतो.

मग याच्यावर लस का नाही? प्रयत्न झाले. व्हॅक-ए, याच जीवाणूचं कॅग-ए आणि आणखी एक प्रथिन अशी तीन रिकॉम्बिनंट प्रथिनं एकत्र करून युरोपात लस बनवली होती. स्वयंसेवकांना ती टोचून मग मुद्दाम जीवाणू पाजला. २०१८ साली निकाल आला: प्रतिपिंडं तयार झाली, पण संरक्षण मिळालं नाही. त्याआधी २०१५ साली चीनच्या जिआंगसू प्रांतातून आशेची बातमी आली होती. तिथे ६ ते १५ वर्षांच्या ४४६४ मुलांवर तोंडावाटे द्यायच्या लसीची चाचणी झाली. पहिल्या वर्षी संरक्षण ७१.८ टक्के, नंतर ते उतरत गेलं. या लसीत जीवाणूच्या युरियेझचा एक भाग दुसऱ्याच एका विषाच्या तुकड्याला जोडला होता. जुलाब घडवणाऱ्या ई-कोलायचं हे विष दोन भागांचं असतं. एक भाग आतड्याला धरतो, दुसरा घात करतो. लसीसाठी फक्त धरणारा भाग घेतला, जणू नांगी काढलेला विंचू. हे विष कॉलऱ्याच्या विषाचं सख्खं भावंड आहे. आणि कॉलऱ्याचा जीवाणू विषातून मारतो, हे १९५९ साली कोलकात्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवून दिलं ते शंभुनाथ डे यांनी. तुटपुंज्या साधनांवर केलेलं हे काम शाळेच्या पुस्तकांत ठळक यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ती चिनी लस मात्र अजून आपल्या दवाखान्यांत आलेली नाही.

आपल्या देशात या विषाची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. परदेशात व्हॅक-एच्या जहाल प्रकारचा जनुक अल्सर आणि कर्करोगाच्या पेशंटमध्ये जास्त सापडतो. कोलकात्यातल्या अभ्यासांत तो अल्सरवाल्यांत सापडला आणि काहीच त्रास नसलेल्यांतही जवळजवळ तितकाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ साली या जीवाणूला कर्करोगकारक ठरवलं. तरी मिझोराममध्ये जठराचा कर्करोग देशात सर्वाधिक, आणि जीवाणू घरोघरी असलेल्या महाराष्ट्रात त्या मानानं पुष्कळ कमी. तेव्हा केवळ जनुक पाहून कुणाच्या पोटाचं भविष्य सांगता येत नाही. आहार, तंबाखू, मीठ, माणसाची स्वतःची घडण, सगळंच त्यात येतं.

हा जीवाणू कुठे फोफावतो हे मात्र निश्चित ठाऊक आहे. जिथे लहान घरात माणसं जास्त आणि पाणी कमी. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाणी प्यायले, ते माणसाच्या हक्कासाठी. त्या हक्काचा आरोग्याशी असलेला संबंधही तितकाच खरा आहे. पावसाळ्यात सावित्री नदीला पूर येऊन बाजारपेठ बुडते, जुलै २०२१मध्ये बुडाली तशी, आणि एप्रिल-मेमध्ये पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हंडाभर पाण्यात घर चालवणाऱ्या आईला मुलांचे हात दहा वेळा धुवा असं सांगणं सोपं आहे. नळ तिच्या दारात आणून देणं हे खरं काम आहे, आणि ते सरकारचं आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. जळजळ महिनोन्महिने चालू असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर कोकमावर आणि कॅप्सूलवर विसंबू नका. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. जीवाणूशिवाय त्या गोळ्यांनीही अल्सर होतो. जीवाणूसाठीची रक्ताची तपासणी जुना संसर्ग आणि आताचा संसर्ग वेगळा करून दाखवत नाही. म्हणून श्वासाची किंवा शौचाची तपासणी होईल का, हे विचारा. तिच्याआधी दोन आठवडे पित्ताच्या कॅप्सूल आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावी लागतात. एरवी जीवाणू दडून बसतो आणि अहवाल खोटाच ‘निल’ येतो. या गोळ्या बंद करायच्या त्याही डॉक्टरांना विचारूनच. जीवाणू सापडून औषधं सुरू झाली की दोन दिवसांत बरं वाटतं, पण कोर्स बहुधा चौदा दिवसांचा असतो. तो चौदाच्या चौदा दिवस घ्या, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जीवाणू गेला की नाही ते पुन्हा तपासून घ्या.